शाबान 1381 मधली मुंबईची थंडी

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास येतात. पहिली आमची: परभणी गारठली, पारा अमुक अंशांवर, विद्यापीठ परिसरात नीचांकी नोंद. सोबत शेकोटीभोवती बसलेल्या चार माणसांचा फोटो. दुसरी मुंबईची: मुंबईकरांना हुडहुडी, पारा 15 अंशांवर. ही दुसरी बातमी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचली जाते आणि सगळे हसतात. 15 अंशांवर आमच्याकडे माणसं नुसत्या शर्टवर दूध आणायला जातात. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणणाऱ्या गावाला एवढा अभिमान तर असणारच.

या दुसऱ्या बातमीच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते. मुंबईतलं आजवरचं सर्वांत कमी तापमान 7.4 अंश सेल्सिअस, सांताक्रूझ, जानेवारी 1962. मुंबईत हवामान मोजण्याच्या दोन मुख्य जागा आहेत, एक सांताक्रूझला विमानतळाजवळ आणि दुसरी कुलाब्याला. त्या महिन्यात कुलाब्यालाही पारा 11.7 पर्यंत उतरला होता. जानेवारीत सांताक्रूझची सरासरी पहाट 17 अंशांच्या आसपास असते आणि कुलाब्याची 19 च्या. म्हणजे एका ठिकाणी सरासरीपेक्षा नऊ-साडेनऊ अंश खाली आणि दुसरीकडे सात-आठ अंश खाली. त्यानंतर फेब्रुवारी 2008 मध्ये सांताक्रूझ पुन्हा 9 च्या खाली गेलं, पण 1962 चा आकडा अजून कुणी मोडलेला नाही.

हे आकडे मी वाचून विसरलो असतो. पण आमच्या मोहल्ल्यात एक चाचा होते. तरुणपणी मुंबईत मदनपुऱ्यातल्या एका बेकरीत त्यांनी बारा-तेरा वर्षं काढली होती. म्हणून परत आल्यावरही गाव त्यांना पाववाले चाचा म्हणायचं. बोलायला बसले की त्यांच्या गोष्टीत सन कधीच नसायचा. "रमजान जाड़े में था," "बकरीद कू मेह पड़रा था," "बड़ी मस्जिद का हौज बनरा था वो साल," असाच हिशेब. त्यांनीच एकदा सांगितलं, "मास्टर, एक साल शबरात कू बंबई में ऐसी थंडी पड़ी, आटाच नै उठरा था."

आटाच नै उठरा था. पिठात खमीर मिसळून ते झाकून ठेवायचं, ठरावीक वेळात ते फुगायला हवं, मग पाव बनवायचे आणि भट्टीत लावायचे. मुंबईत बारा महिने उकाडा, त्यामुळे पीठ किती वेळात फुगतं हे कारागिरांच्या हाताला पाठ झालेलं. गारठ्यात खमीर मंदावतं. त्या रात्री नेहमीच्या वेळी पीठ उठलंच नाही. उस्तादाने पोरांना शिव्या घातल्या, खमीर खराब झालं म्हणून दुसरं मागवलं, तेही तसंच. शेवटी पिठाच्या पराती उचलून भट्टीजवळ मांडल्या. पहाटेचा पाव उशिरा निघाला आणि इराण्याच्या हॉटेलात गिऱ्हाइकं बिनपावाचा चहा पिऊन कामाला गेली.

मला ही गोष्ट फार आवडली. पण मी पेशाने शिक्षक, गोष्टीवर तारीख घातल्याशिवाय चैन पडत नाही. चाचांना सन विचारला. "सन-वन कौन याद रखता," म्हणाले. मग आणखी विचारत गेलो, तेव्हा आणखी दोन धागे मिळाले. एक, त्या शबरातीनंतर थोड्याच दिवसांत "आठ ग्रहां वाला लफडा" झाला. बेकरीतली हिंदू पोरं घाबरून गावाला निघून गेली, दुनिया बुडणार म्हणून, आणि उरलेल्यांवर दुप्पट काम पडलं. दोन, दुनिया काही बुडली नाही, लगेच रमजानचा चांद दिसला आणि बेकरीत सहरीच्या नानची घाई सुरू झाली.

आठ ग्रह म्हणताच सन सापडला. 3 ते 5 फेब्रुवारी 1962 ला अष्टग्रही झाली. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी मकर राशीत एकत्र आले आणि केतू धरून आठ मोजले गेले. देशभर होमहवन झाले, प्रलय येणार म्हणून लोकांनी कामं टाकली, प्रवास टाळले. घरातल्या सत्तरीच्या पुढच्या कुणालाही विचारा, आठवत असेल.

आता चांद्र हिशेब पाहा. तो अवघड नाही, आठवीच्या मुलांकडूनही करून घेता येतो. अष्टग्रहीत चंद्रही सूर्याच्याच राशीत होता. चंद्र सूर्याला गाठतो ती अमावास्या. म्हणजे अष्टग्रही अमावास्येच्याच सुमारास होणार. 5 फेब्रुवारी 1962 च्या पहाटे अमावास्या होती आणि त्याच वेळी खग्रास सूर्यग्रहणही झालं. ते भारतात दिसलं नाही, पॅसिफिक महासागराच्या बाजूला दिसलं. अमावास्या झाली की एक-दोन संध्याकाळींत नवा चांद दिसतो आणि हिजरी महिना लागतो. 5 च्या संध्याकाळी चांद जेमतेम तेरा तासांचा, डोळ्यांना दिसण्यासारखा नाही. 6 ला दिसला असणार आणि 7 फेब्रुवारीच्या आगेमागे रमजान 1381 चा पहिला रोजा. चाचांनी सांगितलेला क्रम जसाच्या तसा जुळला. अष्टग्रही संपली आणि रमजान लागला, यात योगायोग काहीच नव्हता. ज्या चंद्राला बेकरीतली पोरं घाबरून गावी पळाली, त्याच चंद्राची कोर दोन दिवसांनी मदनपुऱ्याच्या गच्च्यांवर माणसं शोधत होती.

तिथून एक महिना मागे जा. आधीची अमावास्या 6 जानेवारीच्या संध्याकाळची. म्हणजे शाबान 8 जानेवारीच्या सुमारास लागला आणि 15 शाबानची रात्र, शब-ए-बरात, 21 जानेवारीची किंवा एक दिवस इकडे-तिकडे. सांताक्रूझचा विक्रमी आकडा आहे जानेवारी 1962 च्या शेवटच्या दहा दिवसांतला. चाचांची शबरातीची थंडी आणि हवामान खात्याची नोंद एकाच आठवड्यात येऊन बसतात. चाचांनी जन्मात कधी वेधशाळेचा आकडा वाचला नव्हता.

गंमत म्हणजे हाच महिना मराठी पंचांगात शके 1883 चा पौष आहे. शाबान आणि पौष त्या वर्षी एकाच चांदण्यात चालले होते. कुणी पौष पौर्णिमेची थंडी म्हणालं असतं, कुणी शबरातीची. पुढे कधीतरी ही जोडी सुटते. हिजरी वर्ष 354 दिवसांचं, कधी 355. सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. मराठी पंचांगही चांद्रच, पण तिथे दर दोन-तीन वर्षांनी अधिक मास घालून महिना ऋतूला पुन्हा जोडतात, म्हणून पौष कायम थंडीतच राहतो. हिजरीत अधिक मास नाही. त्यामुळे शाबान, रमजान, मोहर्रम सगळे ऋतूंमधून मागे मागे सरकत जातात आणि सुमारे तेहेतीस वर्षांनी जागेवर येतात.

ज्यांना हिवाळ्यातले रोजे आठवतात त्यांना हे चक्र अंगाने ठाऊक आहे. 1965 साली जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक रमजान लागला आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा. 1997 मध्ये पुन्हा तसंच झालं. मी तेव्हा शाळकरी वयाचा होतो. सहरीला उठल्यावर वजूच्या पाण्याची भीती वाटायची, आणि इफ्तार मात्र लवकर व्हायची, सहाच्या आतच. परभणीच्या अक्षांशावर डिसेंबरातला रोजा सुमारे सव्वाबारा तासांचा आणि जूनमधला साडेचौदा तासांच्या आसपासचा. आता 2030 मध्ये पुन्हा एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान लागतील, जानेवारीत एक आणि डिसेंबरात एक.

महिना ऋतूला बांधलेला नाही, ही गोष्ट इबादतीला सोयीची आहे. प्रत्येक माणसाला आयुष्यात उन्हाळ्याचेही रोजे मिळतात आणि हिवाळ्याचेही. पण महसुलाला ती अजिबात सोयीची नाही. पीक ऋतूप्रमाणे येणार आणि सारा चांद्र वर्षाप्रमाणे मागायचा, तर तेहेतीस वर्षांत शेतकऱ्याकडून चौतीस वेळा वसुली होते. म्हणून मुघल काळात, अकबराच्या राजवटीत, फसली सन निघाला. फसल म्हणजे पीक, हंगाम. वर्ष सौर ठेवलं आणि हिशेब हंगामाशी जोडला.

आपला परभणी जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि हैदराबादचं सरकारी कामकाज याच फसली सनावर चालायचं. तिथलं वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं इराणी: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबहिश्त... जुनी सनद, खरेदीखत, शाळेचा दाखला घरात असेल तर काढून पाहा, हीच नावं दिसतील. इराणात दै, बहमन, इस्फंद हे हिवाळ्याचे तीन महिने, डिसेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंतचे. आमच्याकडे मात्र वर्ष ऑक्टोबरात सुरू केल्याने दै नोव्हेंबरात आला, बहमन डिसेंबरात आणि इस्फंदार जानेवारीत. दख्खनमधल्या शेतकऱ्याला त्याचं काही बिघडत नव्हतं. ज्वारी हुरड्यात यायची तो महिना, एवढं त्याला पुरे.

म्हणजे आमच्या आज्यांच्या पिढीला थंडीच्या एका महिन्याची चार नावं ठाऊक असायची. तहसिलीत इस्फंदार, शेजारच्या घरात पौष, मशिदीत त्या वर्षी जो असेल तो हिजरी महिना आणि शाळेत जानेवारी. मला वाटतं, आपल्या घरांमधल्या आठवणी इतिहासात येत नाहीत त्याचं एक साधं कारण हे आहे. माणसं "माझ्याकडे कागद नाही" म्हणून गप्प बसतात. ऐकणाराही सन नाही म्हणून सोडून देतो. तारीख त्या आठवणीतच असते, दुसऱ्या कालगणनेत बांधलेली असते. ती फक्त सोडवून घ्यावी लागते.

याला उलटं उदाहरण परभणीतच आहे. उरूस म्हटलं की तो हिजरी तारखेने भरणार, हे सगळ्यांना माहीत. पण हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी इंग्रजी तारखेने, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच भरतो. हिंदू-मुसलमान दोन्ही मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे या उरुसाला कायम सरती थंडी असते आणि पोरांच्या अंगात स्वेटर. आमच्याकडे कुणी "उरुसातली गोष्ट" म्हणून काही सांगितलं तर ऋतू विचारावा लागत नाही, फक्त साल विचारायचं.

आता मुंबईच्या आकड्यांकडे येतो. ते आकडे कुठून आले हेही वाचण्यासारखं आहे.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारली, जहाजांची घड्याळं लावायला आणि तारे पाहायला. 1841 पासून तिथे हवामान आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. आर्थर बेडफोर्ड ऑर्लेबार या प्राध्यापकाकडे ते काम होतं आणि त्यांच्या हाताखाली एक मराठी तरुण काम करत असे, केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढे गणिती केरूनाना म्हणून नावारूपाला आले. पंचांग दुरुस्त करण्यासाठी त्यांनी पुढे आयुष्यभर खटपट केली. 1896 मध्ये नानाभॉय मूस हे पारशी गृहस्थ वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकत्वाची उपकरणं बिघडू नयेत म्हणून त्यांनी ते काम अलिबागला हलवलं आणि 1904 पासून अलिबागची वेधशाळा सुरू झाली. हवामानाच्या नोंदी कुलाब्यालाच राहिल्या. सांताक्रूझचं केंद्र नंतरचं, विमानांच्या गरजेचं.

एकाच शहरात वीसेक किलोमीटर अंतरावर 7.4 आणि 11.7, असा चार अंशांचा फरक का? कुलाबा म्हणजे समुद्रात घुसलेलं टोक. पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही. त्यामुळे तीन बाजूंनी समुद्र असलेली जागा रात्री फार थंड होऊ शकत नाही. सांताक्रूझ जमिनीच्या अंगाला आहे आणि त्या काळात भोवती मोकळी मैदानं, मिठी नदीचा सखल भाग, पलीकडे पवई-विहारची झाडी. मोकळी जमीन रात्रभर उष्णता आभाळात सोडत राहते.

भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा समुद्राकडून येणारा तो खारा, रात्री जमिनीकडून जाणारा तो मतलई. (मतलई म्हटलं की मला उर्दूतला मतला आठवतो, म्हणजे उगवण्याची जागा. गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात तो याच शब्दाने. मुंबईत जमिनीवरचा वारा सूर्य उगवतो त्या बाजूनेच येतो.) मुंबईचा हिवाळा या दोन वाऱ्यांच्या भांडणावर ठरतो. उत्तरेत पश्चिमी झंझावात येऊन गेला, हिमालयात बर्फ पडलं, की मागून राजस्थान-गुजरातवरून कोरडे गार वारे खाली उतरतात. ते जोरात असले की दुपारचा खारा वारा उशिरा येतो किंवा दुबळा पडतो. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, आणि पहाटेपर्यंत पारा घसरत जातो. दोन-चार दिवसांत वारा फिरला की संपलं. म्हणून मुंबईत थंडीचा महिना म्हणजे खरं तर तुकड्या-तुकड्यांनी आलेले आठ-दहा दिवस.

आमच्या स्टाफरूममधलं हसू इथे मला थोडं अयोग्य वाटायला लागतं. समुद्रापासून 400 किलोमीटर आत असलेल्या परभणीत थंडी दरवर्षी येते आणि ती येणार हे माहीत असतं. दिवाळीनंतर पेटीतल्या रजया उन्हात पडतात, पिंजारी कापूस पिंजून द्यायचा, गोधड्या शिवायला टाकल्या जायच्या. मुंबईत त्याची तयारी नसते. 1962 च्या मदनपुऱ्यात गावाहून आलेल्या माणसाकडे एक पत्र्याची पेटी आणि एक चादर. परभणीहून मीटरगेजच्या गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून मुंबई. कोण रजई बरोबर घेऊन जाणार? शिवाय एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपणारे, पेटी ठेवायला जागा नाही तिथे रजई कुठे ठेवणार?

चाचा सांगायचे, ते स्वतः नशीबवान होते कारण रात्रभर भट्टीसमोर काम. पण बेकरीच्या मागच्या गल्लीत भट्टीची भिंत होती, ती कायम कोमट असायची. एरवी उकाड्यामुळे त्या भिंतीपासून लोक लांब झोपायचे. त्या आठवड्यात तिथे जागेसाठी भांडणं झाली. फुटपाथवरची कुटुंबं, हातगाडीवाले, गोदीतले हमाल पाठ भिंतीला लावून बसायचे. उस्तादाने पहिल्या रात्री हाकललं, दुसऱ्या रात्री काही बोलला नाही. तिसऱ्या रात्री त्यानेच भट्टीतले निखारे एका फुटक्या घमेल्यात काढून बाहेर ठेवायला सांगितले.

शबरातीच्या रात्री काम लवकर आवरून कारागीर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात गेले होते. शबरातीला कब्रस्तानात जावं की नाही यावर आपल्याकडे मतभेद आहेत, तो वाद इथे नको. तेव्हा लोक जायचे, आजही जातात. चाचांना आठवत होतं ते एवढंच की फातेहा वाचताना तोंडातून वाफ निघत होती आणि मुंबईत जन्मलेली पोरं ती वाफ पाहून हसत होती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ती पाहिली होती. परत आले तर पीठ अजून तसंच बसलेलं.

मी त्यांना एकदा सांगितलं, "चाचा, उस दिन बंबई में 7.4 था." त्यांनी विचारलं, कुठे मोजलं? म्हटलं, सांताक्रूझला, विमानतळाजवळ. म्हणाले, "वहाँ कौन सोता था?"

हा प्रश्न मी नंतर परभणीच्या आकड्यांनाही लावून पाहिला. आमच्याकडे निजामाच्या काळात 1918 मध्ये शेतीचं प्रयोगक्षेत्र सुरू झालं, 1956 मध्ये कृषी महाविद्यालय आलं आणि 18 मे 1972 ला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आताचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. पेपरात येणारा परभणीचा गाजलेला आकडा बहुधा या विद्यापीठाच्या केंद्राचा असतो. डिसेंबर 2018 च्या शेवटी इथला पारा 3 अंशांच्या आसपास आला होता. भारतीय हवामान खात्याचा परभणीचा आकडा वेगळा असतो, पुष्कळदा काही अंशांनी जास्त. लोक विचारतात, मग खरा कुठला? दोन्ही खरे. विद्यापीठाचं केंद्र मोकळ्या शेतांमध्ये आहे आणि गार हवा जड असल्याने रात्री अशा जागी साचून राहते. घरं, रस्ते, सिमेंट असलेल्या भागात दिवसभराची ऊब थोडी शिल्लक असते.

त्यातही हा पारा असतो पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर, सावलीत. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंश गार असते. हवामानवाले गवताच्या उंचीवरचं तापमान म्हणून वेगळंच मोजतात. आता डिसेंबर-जानेवारीत गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात उभा असलेला माणूस आठवा. कृषिपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची. रात्री बाराला लाइट येणार म्हणून तो साडेअकराला निघतो. अनवाणी पाय चिखलात आणि हातात खोरं, बारं मोडायचं आणि दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवायचं. पेटीतला आकडा 6 असेल तर त्याच्या घोट्याशी किती असेल? हीच थंडी गव्हाला हवी असते, फुटवे चांगले येतात, दाणा भरतो. कृषी सल्ल्यात थंडी गव्हाला "पोषक" असते आणि त्याच पानावर शेजारी जनावरांना गोठ्यात बांधा, पिकाला रात्री पाणी द्या असंही छापलेलं असतं. पिकाचं तापमान वाढावं म्हणून रात्री पाणी द्यायचा सल्ला शास्त्राने बरोबर आहे. देणाऱ्याने काय पांघरावं ते त्यात लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

माझ्या वर्गातल्या काही मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. फडाजवळच्या पाचटाच्या खोपटात राहतात, पहाटे तीन-चारला उसाला हात घालतात. दव पडलेलं पाचट हाताला कापतं. त्यांच्या थंडीची नोंद कुठल्याच केंद्रात नाही. दुष्काळाचं तसं नाही. दुष्काळ महसुलाला भिडतो, म्हणून त्याची आणेवारी निघते, तगाई निघते, अहवाल लिहिले जातात. 1972 चा दुष्काळ प्रत्येक घराला सनासकट पाठ आहे. थंडीने सारा बुडत नाही. थंडीत माणूस मेला तरी दाखल्यावर कारण दुसरंच लिहिलं जातं, आणि म्हातारं असेल तर काहीच विचारलं जात नाही. म्हणून 1962 च्या त्या महिन्याचे आपल्याकडे दोन आकडे उरले, आणि भिंतीला पाठ लावून बसलेल्यांपैकी किती जण उठले, याचं काहीच उरलं नाही.

हवामान हा शब्दच पाहा. हवा अरबीतून फारसीमार्गे आलेली आणि मान संस्कृत, म्हणजे मोजमाप. दोन्ही जोडून मराठीने नवा शब्द केला आणि तो आता इतका मुरला की सांधा दिसत नाही. वर्गात मी हा शब्द फोडून दाखवतो तेव्हा मुलांना गंमत वाटते. हिवाळा सांगितला की तो हिमकाळापासून आला, हेही सांगतो. रजई, शाल फारसीकडून, गोधडी-वाकळ आपली. पांघरुणांच्या यादीवरून दख्खनचा इतिहास शिकवता येतो.

चाचांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या गोष्टींपैकी आणखी सात-आठ माझ्या वहीत आहेत, हिजरी महिन्यांसकट, आणि त्यांतल्या तीनचे सन मी आतापर्यंत काढले आहेत. एक मोहर्रमचा पूर अजून बसत नाही, कारण त्यात जोडीला दुसरा धागा नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात 1962 च्या जानेवारीत मुंबईत असलेलं माणूस असेल, तर त्यांना एवढं विचारा: त्या आठवड्यात रात्री कुठे झोपत होतात, अंगावर काय होतं, आणि सकाळी कामावर कोण आलं नाही. सन विचारू नका, गोंधळतील. शबरात, अष्टग्रही, रमजानचा चांद, पौष, संक्रांत, यांपैकी जे आठवेल ते लिहून घ्या आणि मला कळवा. तारखेचा हिशेब मी करून देईन.